काकांचे चार केसाळ गोरे

काकांच्या मते जगात दोनच गोष्टींना फूल येईपर्यंत नावं ठेवू नयेत, एक कपाशी आणि दुसरा माणूस. पुढे त्यात तिसरी भर पडली, ती चार केसाळ गोऱ्यांच्या बँडची. त्या चौघांना सगळे जाणकार कुणा मोठ्या बँडची नक्कल म्हणायचे, आणि जालन्याच्या एमआयडीसीतल्या आमच्या बियाणे कंपनीत काका एकटे म्हणायचे की न्हाई, हे वेगळे हायेत. मी आयुष्यात बरेच वकील पाहिले. पण ज्याला आशिलाची भाषा येत नाही, आशिलाचं नाव वाचता येत नाही आणि आशिलाला आपली केस चालू आहे याचा पत्ताही नाही, असा वकील एकच पाहिला.

काका म्हणजे माझे नात्यातले कुणी नव्हेत. मी परभणीहून शेतकीची पदवी घेऊन त्या कंपनीच्या प्रयोगशाळेत लागलो, तेव्हा ते तिथे आधीपासून होते. वय चाळिशीच्या आसपास, पण शेठजींपासून निवडणीच्या बायकांपर्यंत सगळे त्यांना काकाच म्हणत. पिंपळगाव रेणुकाईकडचा माणूस. सफारीच्या खिशात कायम बी उचलायचा चिमटा. तो चिमटा ते जेवतानाही वापरत. कँटीनचे पोहे आले की आधी चिमट्याने मोहरी, मिरच्या आणि कढीपत्ता यांचे वेगवेगळे ढीग करायचे, मग तिन्ही ढीग परत पोह्यात कालवून खायचे. असं का करता विचारलं तर म्हणायचे, "खायच्या आधी कोन कोन हाये ते तर कळलं पायजे."

त्यांचं काम बियाण्याची शुद्धता तपासायचं. कपाशीचं बी हातात घेऊन त्याची जात सांगता येत नाही. म्हणून प्रत्येक लॉटमधलं थोडं बी कंपनीमागच्या रानात पेरायचं, फूल येईपर्यंत थांबायचं, आणि मग ओळीओळीने फिरून परकं झाड कुठलं ते शोधायचं. काका पाठीमागे हात बांधून, वाकून चालायचे आणि मध्येच एखाद्या झाडापाशी थबकायचे. "हे पाव्हनं हाये," म्हणायचे. आम्हाला ते झाड शेजारच्या झाडासारखंच दिसायचं. मग ते पाकळीच्या बुडाशी असलेला ठिपका किंवा पानावरची लव दाखवायचे, आणि एकदा दाखवल्यावर आम्हाला दुसरं काही दिसेनासं व्हायचं. त्यांचा नियम पक्का होता. "लक्षण दाखवल्याबिगर झाड उपटायचं न्हाई." वेगळं आहे असं नुसतं वाटून चालत नाही, काय वेगळं आहे ते बोट ठेवून सांगता आलं पाहिजे. या नियमाने पुढे त्यांचाच घात केला.

हा नियम ते घरीदारी सगळीकडे लावायचे. शेजारणीने नवं बाळ दाखवायला आणलं आणि विचारलं, "काका, कोनावर गेलंय हो?" तर काकांनी बाळाला उजेडाकडे धरून बघितलं आणि म्हणाले, "आत्ताच कसं सांगू? अजून दोन पानांवर हाये." ती बाई महिनाभर त्यांच्या घरी हळदीकुंकवाला गेली नाही.

आता त्या कॅसेटबद्दल. काकांचे साडू आखातात गाडी चालवायला होते. त्यांनी येताना टेपरेकॉर्डर आणला, आणि त्यात ही कॅसेट आधीच बसलेली होती. "मी न्हाई घेतली," साडू म्हणाले. "दुकानदारानं टेप चालतो का ते दाखवायला लावल्ती, काढायची राहून गेली." म्हणजे काकांच्या आयुष्यातलं एवढं मोठं प्रेम दुकानदाराच्या विसरभोळेपणातून आलं. कव्हरवर चार पोरं उभी होती, आणि बँडचं नाव अशा वेलबुट्टीच्या अक्षरांत लिहिलेलं की बियाण्याची इंग्रजी लेबलं घडाघडा वाचणाऱ्या काकांनाही त्यातला एक 'एस' तेवढा सापडला. ते नाव मी इथे देत नाही. दिलं तर तुम्ही लगेच "अच्छा, ते होय, नक्कलवाले" म्हणाल, आणि काकांचा सगळा खटाटोप पाण्यात जाईल.

नाव वाचता येत नाही म्हटल्यावर काकांनी चौघांचं बारसं स्वतःच केलं. गाणारा तोंड वासून उभा होता, तो हर्राशी, कारण धान्याच्या मोंढ्यात मालाचा हर्रास, म्हणजे लिलाव, पुकारणारा असाच ओरडतो. खाली मान घालून गिटार वाजवणारा तलाठी. दुसरा गिटारवाला बाजूला रुसून उभा, तो जावई. आणि ढोलामागे कसंबसं दिसणारं चौथं पोरगं म्हणजे धाकलं. काका त्यांच्याबद्दल घरच्यासारखं बोलायचे. "आज तलाठ्याचा हात मोकळा हाये," असं ते सकाळी सकाळी सांगायचे. कॅसेट रोज तीच आहे, त्यामुळे तलाठ्याचा हात कालही तेवढाच मोकळा होता, हे त्यांना सांगण्यात काही अर्थ नव्हता.

टेप प्रयोगशाळेत पहिल्यांदा लागला त्या दिवशी निवडणीच्या हॉलमधून कौसाबाई धावत आल्या. त्या तिथल्या बायकांच्या मुकादम. दारातूनच म्हणाल्या, "काका, कोनाला मारून राह्यलेत?"

"कोनाला न्हाई. गानं हाये."

"मंग तो कामून बोंबलतोय?"

"त्याचं दुखनं त्याला ठावं, कौसाबाई. तुम्ही हात चालू ठेवा."

पंधरवड्यात त्यांचे हात त्या गाण्यांवरच चालू लागले. बायका स्वतःहून फर्माईश करायच्या, "काका, ते हर्राशी रडतो ते लावा." शेजारच्या रोलिंग मिलमधून लोखंड आपटल्याचे आवाज यायचे, आणि ते तालात नसले की काका कुंपणाकडे बघून नाराज व्हायचे. एकदा बाहेरगावच्या एका पाहुण्याने विचारलं, या संगीताने बियाण्याची उगवण वाढते का हो? काकांचा चेहरा पडला. "बी पान्यानं उगवतं साहेब," ते म्हणाले. "गानं आपल्यासाठी हाये."

सगळं सुखात चाललं होतं, आणि मग पुण्याहून नवे इंजिनियर आले. माणूस गोड, हसरा, पण इंग्रजी गाण्यांतला दर्दी. त्यांच्या खोलीत कॅसेटींची अख्खी मांडणी होती. पहिल्याच आठवड्यात ते प्रयोगशाळेत आले, कान टवकारले आणि हसत सुटले. "काका, हे काय लावलंय? अहो, ही तर नक्कल आहे."

"कशाची?" काकांनी विचारलं. दुसरा बँड जगात आहे हेच त्यांना माहीत नव्हतं.

इंजिनियरांनी त्या मोठ्या बँडचं नाव सांगितलं. तसाच आवाज, तशीच गिटार, तसेच केससुद्धा. तिकडच्या मासिकांनी यांना कधीच निकालात काढलंय म्हणाले. संध्याकाळी त्यांनी मोठ्यांची कॅसेट काकांना आणून दिली.

काकांनी ती आठवडाभर ऐकली. त्या आठवड्यात त्यांचं पोह्यावरही लक्ष नव्हतं. शेवटी ते इंजिनियरांकडे गेले, मला साक्षीला घेऊन. "साहेब, मोठे चांगले हायेत. बिलकुल चांगले हायेत. पन आपले वेगळे हायेत."

"काय वेगळं आहे?"

काकांनी खिशातला चिमटा काढला, परत ठेवला. मग म्हणाले, "वेगळे हायेत."

"काका, तुमचाच नियम आहे ना?" इंजिनियर हसत म्हणाले. "लक्षण दाखवा."

माणूस थट्टा करत होता, पण काकांचा चेहरा मला अजून दिसतो. जो माणूस अख्ख्या रानात एका पाकळीवरचा ठिपका हेरतो, त्याला ज्यावर जीव आहे त्याचं एक लक्षण सांगता येईना. वेगळे आहेत हे त्यांना हाडातून माहीत होतं, आणि बोट ठेवायला जागा नव्हती. मला त्यांची फार कणव आली, आणि जरा हसूही.

काकांनी मग स्वतःच तपासणी मागितली. प्रयोगशाळेत नमुना कुणाचा हे तपासणाऱ्याला कळू देत नाहीत, त्यावर नुसता क्रमांक असतो. तसंच करायचं ठरलं. इंजिनियरांनी त्यांच्याकडच्या आणखी कॅसेटी दिल्या, त्यात मोठ्यांची काकांनी कधी न ऐकलेली गाणी होती आणि आपल्यांचीही. मी दोन्हींचे तुकडे उलटसुलट एका कॅसेटवर भरले, नंबर टाकले. शनिवारी दुपारी सगळी कंपनी प्रयोगशाळेत जमली. शेठजींचं घराणं कितीतरी पिढ्यांमागे राजस्थानातून आलेलं, पण जालन्यातला तमाशा ते चुकवत नसत. तेही खुर्ची घेऊन बसले. काकांनी डोळे मिटले. तुकडा वाजला की ते "आपले" किंवा "मोठे" म्हणायचे आणि मी लिहायचो.

सुरुवातीचे सगळे बरोबर आले. कौसाबाई पदर खोचून बघत होत्या. मग एक संथ तुकडा लागला. काकांच्या ओठांवर हसू आलं, मान डोलली, आणि ते अगदी मायेनं म्हणाले, "आपले."

तो मोठ्यांचा होता.

मी निकाल वाचला. इंजिनियर बिचारे घाईघाईने म्हणाले, "अहो एकच चुकला काका, आणि गंमत होती ती." शेठजी म्हणाले, "भई, एक में क्या होता है, पास करून टाका." पण काका उठले. नापास लॉटच्या पोत्याला आमच्याकडे लाल दोरी बांधतात आणि ते पोतं आवारात ठेवत नाहीत. काकांनी कपाटातून लाल दोरी काढली, साडूंच्या त्या कॅसेटला बांधली, आणि म्हणाले, "मी डोळे मिटून परकं झाड आपलं म्हनलं. लॉट नापास. कंपनीत वाजनार न्हाई."

आणि वाजला नाही. आम्ही विनवलं, इंजिनियरांनी तर हात जोडले. बायकांचे हात मंदावले, शेठजींनी कौसाबाईंना कारण विचारलं तर त्या म्हणाल्या, "हर्राशी न्हाई तर जीव लागत न्हाई." काका दुपारच्या सुट्टीत टेप घेऊन फाटकाबाहेर जायचे आणि रस्त्याकडेला लुनावर बसून ऐकायचे. फाटकाच्या आत आमची गर्दी, बाहेर काका. आवाज आत येतोय का म्हणून ते मध्येमध्ये वळून बघायचे आणि येत असला तर कमी करायचे. इतका नियमाचा माणूस घरात असेल तर बायको माहेरी का जात नाही, हा प्रश्न आम्हाला पडायचा. काकूंनी एकदा उत्तर दिलं, "गेल्ते एकदा. तिथं बी येऊन माझ्या माहेरची ज्वारी निवडत बसले."

पुढच्या हिवाळ्यात इंजिनियरांचं लग्न जालन्यातच ठरलं. मुलगी इथली, वऱ्हाड पुण्याचं. त्यांना इथलं फारसं कुणी माहीत नाही, म्हणून बँड ठरवायचं काम त्यांनी काकांवर टाकलं. आणि म्हणाले, "जमलं तर त्या मोठ्यांचं एखादं गाणं बसवायला सांगा. मित्र खूश होतील."

जुन्या जालन्यातल्या बँडमास्तरांकडे आम्ही दोघं लुनावर गेलो. मास्तर म्हणजे मोठं प्रकरण. घरातही खांद्यावर सोनेरी झालरी लावून बसायचे. म्हणाले, "नक्कल करन्यात मराठवाड्यात माझा हात कोनी धरत न्हाई. एकदा ऐकतो, दुसऱ्यांदा वाजवतो." काकांनी मोठ्यांचं गाणं लावलं. मास्तरांनी आपलं पितळी कॉर्नेट उचललं, पोरांना खुणा केल्या, आणि बाहेरून चहा यायच्या आत गाणं बसलंसुद्धा. अगदी हुबेहूब.

काका जरा घुटमळले. मग पिशवीतून लाल दोरीची कॅसेट काढली. "मास्तर, हे बी बघता का? असंच. टाइम असंल तर."

मास्तरांनी ऐकलं आणि हात हलवला, हे तर तसंच आहे म्हणाले. वाजवायला घेतलं. दोन ओळी सरळ गेल्या आणि एके जागी सगळा बँड एकमेकांच्या अंगावर पडला. ढोल आधी आला, कॉर्नेट एकटंच पुढे गेलं. पुन्हा घेतलं, पुन्हा त्याच जागी पडले. चहा गार झाला. मास्तरांनी टेप मागे नेऊन नेऊन ऐकला आणि वैतागून म्हणाले, "हा ढोलवाला पिऊन वाजवून राह्यला का?"

"पिलेला मानूस दर बारीला एकाच जागी पडत न्हाई मास्तर," काका म्हणाले, आणि बोलता बोलता त्यांचा आवाजच बदलला.

आम्ही आठवडाभर रोज गेलो. मास्तर हट्टाला पेटले होते. शेवटी एका संध्याकाळी त्यांनी कॉर्नेट खाली ठेवलं आणि कबूल केलं, "ते पोरगं थाप मारायला उशीर करतं. हात वर नेतं अन् धरून ठेवतं. बाकीचे तिघं त्याच्यासाठी थांबतात. किती थांबायचं ते त्यांचं त्यांनाच ठावं. मोठ्यांची नक्कल मी चहा यायच्या आत केली, काका. ह्यांची जमंना. अन् लोक ह्यांना नक्कलवाले म्हनतात?"

काका तिथेच मोठ्या ढोलावर बसले. "धाकलं," ते म्हणाले. "धाकलं तिघांना थांबवतं." त्यांना लक्षण सापडलं होतं. येताना रेल्वे फाटक बंद होतं, तर शेजारी उभ्या असलेल्या टेंपोवाल्याला त्यांनी गाडी जाईपर्यंत सगळं समजावून सांगितलं. फाटक उघडलं तरी टेंपोवाला हलेना, त्याला जावई का रुसलाय ते ऐकायचं होतं. मागून हॉर्नचा नुसता कल्लोळ, आणि मी मागच्या सीटवर हसून हसून गाडीवरून पडायच्या बेतात.

मास्तरांनी दुसऱ्या दिवशी तोडगा काढला. "पोरांचे हात थांबत न्हाईत. पाय थांबवतो." त्या जागी सगळ्या बँडने एक पाय उचलायचा आणि मास्तर मान खाली करेपर्यंत वरच धरायचा. पाय खाली आला की ढोल खाली. हे मात्र जमलं. मी काकांना विचारलं, नापास लॉट वाजवणं नियमात बसतं का? ते म्हणाले, "कंपनीबाहेर हाये. बाहेर काय उगवतं त्याला आपला इलाज न्हाई." इंजिनियरांना त्यांनी एक शब्द सांगितला नाही. साहेबांनी ऐकावं आणि त्यांचं त्यांना कळावं, एवढीच त्यांची इच्छा होती. नाही कळलं तर ते पुन्हा हा विषय काढणार नव्हते, असं त्यांनी मला परण्याच्या सकाळी सांगितलं.

परण्या म्हणजे आमच्याकडे नवरदेव घोड्यावरून मारुतीच्या दर्शनाला जातो ती मिरवणूक. इंजिनियर मुंडावळ्या बांधून घोड्यावर, पुढे पुण्याचे मामा-काका, कंपनीची सगळी माणसं, कौसाबाई आणि त्यांच्या बायका नव्या लुगड्यांत. मास्तरांनी आधी मोठ्यांचं गाणं वाजवलं. झकास वाजवलं, मित्र नाचले, नवरदेवाने वरूनच काकांना हात केला. मग मास्तरांनी काकांकडे बघितलं. काकांनी मान हलवली.

आपल्यांचं गाणं सुरू झालं. पहिल्या थांब्याला बँडचे पाय वर गेले आणि सगळं एकदम शांत झालं. पुण्याचे एक मामा ऐन रंगात होते, त्यांना थांबायचं कळलं नाही, ते तसेच गिरकी घेत जाऊन क्लॅरिनेटवाल्याच्या गळ्यात पडले. मग पाय खाली, ढोल खाली, आणि हशा पिकला. दुसऱ्या थांब्याला निम्म्या वऱ्हाडाने पाय उचलला. तिसऱ्याला कौसाबाईंनी सगळ्या बायकांना दरडावून उचलायला लावला. शेठजी धोतराचा सोगा हातात धरून एका पायावर उभे. दुकानांच्या पायऱ्यांवरची माणसं उतरून आली आणि पाय वर करून उभी राहिली. घोड्याने उचलला असं लोक अजून सांगतात, त्याची शपथ मी घेणार नाही. गुरुजी घड्याळ दाखवत मुहूर्त, मुहूर्त म्हणत मध्ये शिरले, तर थांबा आला आणि त्यांचाही पाय वर. अख्खा रस्ता श्वास रोखून एका पायावर उभा, ते चार गोरे कुठे समुद्रापार बसलेले, आणि जालन्यात त्यांच्या धाकल्यासाठी सगळे थांबलेले. मला इतका आनंद झाला की कुणाला तरी मिठी मारावी म्हणून मी बघितलं, तर जो तो स्वतःचा तोल सांभाळत होता.

इंजिनियर घोड्यावर एकदम ताठ झाले. मान वाकडी करून ऐकू लागले. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू आधी गेलं आणि मग वेगळंच हसू आलं. ते वाकून म्हणाले, "काका, मोठ्यांच्यात हे नाही." गोंगाटात काकांपर्यंत पोचलं नाही. ते मुंडावळ्या बाजूला सारून पुन्हा म्हणाले, "काका, ऐकलं का? हे वेगळे आहेत. माझं चुकलं."

मी गर्दीतून वाट काढत पुढे गेलो. तोवर पुढचा थांबा आला होता, आणि काका बँडच्या अगदी मध्ये, शेठजींच्या खांद्याला धरून एका पायावर उभे होते. डोळे मास्तरांच्या मानेवर. मी त्यांची बाही ओढली. "काका, साहेब म्हणतायत वेगळे आहेत. कबूल केलंय. काका, वर बघा."

काकांनी वर बघितलं नाही.

"मागून सांगा म्हनावं," ते म्हणाले. "आत्ता पाय वर हाये."